मल्हारला आत घेऊ का?

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. माझ्या थापा अख्ख्या म्हसवडला ठाऊक आहेत. पण ही थाप नाही.

१९९८ चा मे महिना. अमावस्या. सांगलीत विश्रामबागला, पिठाच्या गिरणीवरची खोली. वेळ भर दुपारी बाराची.

खोली माझ्या भाच्याची, मल्हारची. त्याचं काम कॉम्प्युटरचा गाभा तपासायचं. कर्नल म्हणतात त्याला. तो बांधण्याआधी मशीन शेकडो प्रश्न विचारतं... हे आत घेऊ का? ते आत घेऊ का? शहाणा माणूस लागेल तेवढंच घेतो. मल्हारनं मात्र सगळ्यालाच ‘हो’ म्हणायचं, आणि ते एकत्र नांदतंय का बघायचं.

तीन आठवडे नांदत नव्हतं. बांधणी दर वेळी मध्येच मोडायची. आज जमलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं पुण्याच्या साहेबानं बजावलं होतं.

तेवढ्यात खालच्या एसटीडी बूथवर साहेबाचाच फोन आला. मल्हार उठला.

“मामा, काय बी विचारू द्या, वाय दाबून एंटर मारायचं. वाय म्हंजे हो.”

“आरं, मला इंग्रजी कुठं येतंय?”

“म्हणून तर तुमास्नी बसवलं. वाचत बसणार न्हाई.”

‘नाही’चं बटणही दाखवून गेला. चुकून दाबू नये म्हणून.

मी दाबत राहिलो. वाय, एंटर. वाय, एंटर.

खालची गिरणी थांबली...

वीज गेली म्हणावं, तर पंखा फिरत होता. फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

रस्त्याचाही नाही.

मग एक प्रश्न आला... आणि तो मला वाचता आला.

मराठीत होता.

‘मल्हारला आत घेऊ का?’

बोट वायवर टेकलेलं. ओढून काढलं, आणि ‘नाही’ दाबलं. एंटर.

खाली नवी ओळ आली...

‘मग कुणाला?’

मी उठलो तो थेट भिंतीला जाऊन टेकलो. त्यानंतर एकाही बटणाला हात लावला नाही, सिद्धनाथाची आण.

जिन्यावर पावलं वाजली. मल्हार आत आला, पडद्याकडं बघून हसला.

“मामा, हितं इंग्रजीत बिराप्पा कुणी लिवलं?”

बिराप्पा म्हणजे मी. मला माझं नाव इंग्रजीत लिहिता येत नाही. आजही नाही.

थांब म्हणेपर्यंत त्यानं सवयीनं एंटर दाबलं.

खाली गिरणी सुरू झाली.

संध्याकाळी बांधणी पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेली. नोकरी वाचली. मल्हार माझ्या पाया पडला. सगळं आत गेलं म्हणाला, एक बी चूक न्हाई.

सगळं म्हणजे काय काय, ते मी विचारलं नाही.

मला तसं काही झालेलं नाही. जेवतो, हिंडतो. पण शेजारी बसलेल्या बायकोला, मनुबाईला हाक मारली, की ती ओ देते...

फार लांबून.

भिंतीपलीकडून दिल्यासारखी.