समोरची तिसरी खिडकी

लेन्स तपासून मासिकात लिहिणं हे तिचं काम, आणि तिच्या प्रत्येक निष्कर्षाला नाक मुरडणं हे बाबांचं. फिल्म धुण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. डिजिटल बरं की फिल्म, या रोजच्या वादाला कंटाळून तिने एका ढगाळ सकाळी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. समोरच्या रिकाम्या इमारतीची विटांची भिंत, कामाच्या खोलीतूनच, चार कॅमेऱ्यांनी टिपायची: डिजिटल, छोटी फिल्म, मध्यम फिल्म आणि बाबांचा लाकडी कॅमेरा. त्यात तळहाताएवढी फिल्मची शीट लागे.

दुपारी फिल्म वाळल्या. डिजिटल फोटोत वीट न् वीट मोजता येत होती. ती खुशीत होती.

छोट्या फिल्मवर मात्र तिसऱ्या खिडकीत एक डाग होता.

"धुताना राहिला असेल," ती म्हणाली.

"माझ्या हातून?" बाबा तडकले.

मध्यम फिल्मवर त्या डागाला खांदे होते.

तिने डिजिटल फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. खिडकी रिकामी. तिचं पाऊल उगाचच जमिनीवर ठेका धरू लागलं. मग तिने शीट उजेडाच्या काचेवर ठेवली आणि वर भिंग टेकवलं. निगेटिव्हमध्ये काळ्या चेहऱ्याचा, पांढऱ्या कोटाचा एक माणूस. कोटाची वीण दिसत होती. पापण्याही.

बाबांनी बराच वेळ पाहिलं. "या शीटला आठ सेकंद दिली होती, तेवढा वेळ लेन्स उघडी होती," ते हळूच म्हणाले. "श्वास घेणारा माणूस आठ सेकंदांत जरा तरी पुसट होतोच गं."

"कुणीतरी पुतळा ठेवला असेल."

"मग डिजिटलमध्ये का नाही?"

तिला बसवेना. बाबा नको नको म्हणत असतानाच ती रस्ता ओलांडून गेली. पहारेकऱ्याने कुरकुरत कुलूप काढून दिलं, पण वर यायला काही तो तयार झाला नाही.

खोलीत काहीच नव्हतं. जमिनीवर धूळ, त्यात फक्त तिच्या चपलांचे ठसे. तिने कोपरे पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या. मग खिडकीशी आली. समोर बाबा लाकडी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढत होते. तिला हसूच आलं. सगळं ठीक आहे, हे कळावं म्हणून तिने दोन्ही हात उंच करून जोरजोरात हलवले.

परतली तेव्हा बाबांनी तिचा तिथला फोटो काढून ती नवी शीट धुऊन ओलीच काचेवर ठेवली होती. त्यांनी भिंग तेवढं पुढे केलं.

खिडकीत ती एकटीच होती. हात उंच केलेले. दहाही बोटं वेगवेगळी, नखांसकट. कपाळावरची बट, पापण्या, सगळं रेखीव.

"किती सेकंद दिली?" तिने विचारलं.

"आठच."

"बाबा, मी तर हात हलवत होते."

"हो. मी बघत होतो ना."

तिने भिंग खाली ठेवलं. बाबांनी आपली खुर्ची आवाज न करता जराशी मागे सरकवली.