दुखवट्यात लागलेला चॅनल

माझा मुलगा हरेश सगळ्यांना सांगत सुटला आहे, की आईला ऊन लागलं आणि तिने भलतंच काहीतरी पाहिलं.

ऊन म्हणे!

पेणच्या रामवाडीत जन्म गेला माझा. भर दुपारी खळ्यात वाल झोडपले, तेव्हा कधी ऊन लागलं नाही. आणि रोह्याला घरात, सावलीत बसून लागलं?

आईला खोटं पाडायचं, तेही चारचौघांत. ही आमच्या हरेशची तऱ्हा. म्हणून मी हे लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायला तेवढी पुरते.

हे खरं घडलं आहे. याच वर्षी, १९९९ साली, जून लागता लागता. रोह्याला, माझी धाकटी बहीण काशी हिच्या घरात. तिच्या दहाव्याच्या संध्याकाळी.

भीती मला नंतर वाटली. आधी लाज वाटली. ती अजून जात नाही.

काशी विधवा. मूलबाळ नाही. हरेशला रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा तीच म्हणाली, "पेनवरनं कशाला धावतोय तो? माझ्याकडं ऱ्हाऊ दे." राहिला. पहाटेची शिफ्ट असली तरी ती आधी उठायची. डबा गरमच द्यायची.

मग याने कंप्युटर आणला. ठेवला कुठे? आतल्या खोलीत, काशीच्या खाटेसमोर. टेबल तिथेच मावत होतं.

त्यात मुंबईहून कसलंसं कार्ड आणून बसवलं. टीव्ही ट्यूनर म्हणतात त्याला. टीव्हीच्या मागची केबलची वायर उपसायची, कंप्युटरच्या मागे खोचायची, की चॅनल दिसतात. म्हणजे दिसायला पाहिजेत. इथे चित्र आलं तर आवाज नाही. आवाज आला तर नुसत्या मुंग्या. कंपनीतून आला, की कानांवर हेडफोन चढवून हा तेच करत बसायचा.

काशी मला फोनवर म्हणाली होती, "अगो गिरजे, तो टीव्ही बघत नाय. टीव्ही शोधतो हाय."

हसली. मग खोकत राहिली. दमा होता तिला.

मे सरता सरता ती गेली.

"झोपेत गेली मावशी," हरेश म्हणाला. "मी खोलीतच व्हतो. मला कळलं पन नाय."

मी मानलं. येईल त्याला मान वर करून सांगितलं, माझ्या बहिणीला त्रास झाला नाही, माझा मुलगा उशाशी होता.

किती वेळा सांगितलं असेल!

दुखवटा होता. टीव्हीवर चादर टाकली. गल्लीतसुद्धा कुणी रेडिओ मोठा केला नाही. अग्नी हरेशनेच दिला होता. दहाव्याला सकाळी कुंडलिका नदीवर विधी झाले, त्याने केस उतरवले. गुळगुळीत डोकं घेऊन घरी आला. मला भरून आलं. पोटच्या पोरागत केलं म्हटलं माझ्या बहिणीचं.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका बसायला आल्या. ठमाबाई भिंतीला टेकून बसली होती. काशीच्या शेजारची. दोघींचं पाणी भरणं, पापड लाटणं, भांडणं, सगळं एकत्र.

हरेश आत होता. दार लोटलेलं. दमला असेल, पडला असेल, असं मला वाटलं.

दिवेलागणीची वेळ.

आणि आतून...

खरखर आली.

बारीक. स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी.

थांबली.

ठमाबाईने मान वळवली. "गिरजे, आत कोन हाय गो?"

"हरेश. पडलाय."

पुन्हा शांत.

मग...

कुणीतरी खोकलं.

ओढून ओढून. मध्ये दम घेत. तो खोकला सगळ्या गल्लीने रात्र रात्र ऐकला होता.

एकीच्या हातातली वाती वळायची कापसाची पुडी खाली पडली.

"हरेश..."

तो आवाज काशीचा होता.

"बाला... पानी दे रे..."

मी उठले. गुडघे धरतात माझे, पण त्या दिवशी कशी उठले मला ठाऊक नाही. दार ढकललं.

हरेश खुर्चीत बसला होता. दाराकडे पाठ. कानांवर ते हेडफोन. टीव्हीची वायर दाराखालून ओढून कंप्युटरला लावलेली.

"अरे मेल्या! दुखवट्यात टीव्ही?"

हेडफोन खाली ओढून तो म्हणाला, "आये, ह्यो टीव्ही नाय. कंप्युटर हाय. मॅच हाय गो विलायतेत, फक्त स्कोअर लागतो का बघतो. आवाज पन बाहेर येत नाय."

"येत नाय? बाहेर बायका बसल्यात. काशीचा आवाज..."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं.

तेवढ्यात माझी नजर पडद्यावर गेली...

मॅच नव्हती.

काळंपांढरं चित्र होतं. थरथरत होतं. एक खोली दिसत होती. दोरीवर टॉवेल. भिंतीवर कॅलेंडर. मी मान वर केली. तेच कॅलेंडर समोर भिंतीवर होतं.

ही खोली होती ती. पण खालून दिसत होती. खाटेवर निजलेल्या माणसाला दिसेल तशी.

मध्ये खुर्ची. खुर्चीत पाठमोरा माणूस. कानांवर हेडफोन.

हरेश.

मला वाटलं, आत्ताचाच आहे. आरशासारखं काहीतरी असेल त्यात.

मग दिसलं...

पडद्यातल्या हरेशच्या डोक्यावर केस होते.

माझ्यासमोरचं डोकं गुळगुळीत.

"बंद कर," मी म्हणाले.

त्याने बटणं दाबली. चित्र जाईना. त्याने मागची वायर ओढून काढली. हातात धरली.

चित्र तसंच.

"हरेश... पानी..."

या वेळी त्यालाही ऐकू आलं. त्याच्या हातातून वायर गळाली.

पडद्यातला हरेश हलला नाही. त्याचा हात तेवढा टेबलावर सरकत होता. मी मनात म्हणत होते, ऐकू येत नाही त्याला. कान झाकलेत. देवा, याला ऐकू आलेलं नसू दे.

तेवढंच मागत होते मी.

आणि मग...

तो वळला.

पडद्यातला हरेश मागे वळला. एका कानावरचा हेडफोन बोटाने उचलला. सरळ आमच्याकडे बघितलं. काशीकडे.

कपाळाला आठी घातली. ती आठी मी ओळखते. काम सांगितलं की तो घालतो.

मग हेडफोन पुन्हा कानावर सोडला. आणि पाठ फिरवली.

खाटेच्या बाजूने श्वास ऐकू येत होता. मोठा. मग बारीक.

मग मुंग्या आल्या. मग काळोख.

मी मागे बघितलं. बायका दारात उभ्या होत्या. सगळ्या. ठमाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

कुणी किंचाळलं नाही. किंचाळल्या असत्या तर बरं झालं असतं.

एकेक करून निघाल्या. दुखवट्याच्या घरातून उठताना 'येते' म्हणत नाहीत. रोजही म्हणत नव्हत्या. पण रोज जाताना माझ्या खांद्याला हात लावून जायच्या. त्या दिवशी एकीनेही लावला नाही.

मला अजून एक आशा होती. केबलवाल्या जगनला बोलावलं. म्हटलं, कसली कॅसेट लावली असेल कुणी. चावटपणा केला असेल. मी त्याला चार शिव्या द्यायच्या तयारीत होते.

जगनने मला हात धरून अंगणात नेलं. खांबाकडे बोट दाखवलं.

"मावशी, तुमची लाईन मी पहिल्याच दिवशी काढली हाय. दुखवट्यात कशाला चालू ठेवायची? तेरावं झालं की जोडनार व्हतो. ती बघा."

वायरचं टोक खांबाला लोंबत होतं. वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली.

वाऱ्यावर हलत होतं.

त्यानंतर हरेश ओट्यावर बसून राहिला. मी विचारलं, "वळला व्हतास?"

गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तिचं नेहमीचंच व्हतं गो, आये. सारखं पानी, सारखं पानी. मला वाटलं, एवढा चॅनल लागला की उठतो."

"मग?"

"लागला. मग मॅच बघत बसलो."

एक गोष्ट मला आजही उमगत नाही. काशी चहाड्या सांगणारी नव्हती. सासूने छळलं तेव्हा माहेरी शब्द काढला नाही तिने. हरेशवर तर जीव होता तिचा. मरून गेल्यावर ती त्याला चारचौघांत उघडं पाडेल?

ती नाही पाडणार.

मग ते दाखवलं कुणी?

कंप्युटर आता पेणला, आमच्याच घरात आहे. कपड्याखाली झाकलेला. वायर नाही, काही नाही. तरी संध्याकाळी त्या खोलीत केर काढायला गेले, की मी त्याच्याकडे पाठ करत नाही.

काल ठमाबाई रोह्याहून माझ्याकडे आली होती. दहाव्यानंतर पहिल्यांदाच. मला धड वर बघवेना. हळूच ती म्हणाली, "गिरजे, त्या संध्याकाळी जे बघितलं..."

तर हरेश आतून आला आणि हसत म्हणाला, "काकी, आयेला ऊन लागलं व्हतं. तुम्हाला पन भासच झाला. वायर सैल असली की असं कायबी दिसतं."

ठमाबाईने पायाकडे बघितलं. माझ्या मुलाची लाज तिला वाटली. त्याला वाटली नाही.

मी त्याला समोर उभं केलं. तिच्यादेखत बोलले.

"हरेश, जेवायला वाढीन, कपडे धुवीन, लगीनबी लावून देईन. पोटचा हायस. पन मी शेवटच्या घटका मोजायला लागले, की माझ्या तोंडात पानी घालायला तू पुढं येऊ नको. वाटेवरच्या परक्या मानसाच्या हातनं पिईन. कोन नसलं तर तशीच जाईन, सुक्या घशानं. तुझ्या हातचं पानी मला नको."