डिकीवर दोन थापा

हे वाचून कोणी हसलं तरी चालेल. ऐकल्यावर आधी आम्हीही हसलो होतो. पण माझी आत्या खोटं कशाला बोलेल? घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारी बाई ती. सुई टोचायच्या आधी "दुखणार आहे" असं तोंडावर सांगते, मुंगी चावल्यासारखं वगैरे म्हणत नाही.

जे घडलं ते मागच्या वर्षी, एका गुरुवारी. रात्र नव्हती. सकाळचे पावणेदहा वाजले होते आणि लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे आत्याच्या लॅबच्या इमारतीची गच्ची. रॅम्पने वर जाऊन तिथे गाड्या लावतात.

आत्याला गाडी शिकवली ती तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी. पुढे जाताना आत्या वाघ, मागे घेताना मात्र शेळी. "रिव्हर्स टाकला की हिला देव आठवतो," असं आतोबा चारचौघांत सांगायचे. पण रोज तिच्यासोबत जाऊन, गाडीतून उतरून मागे उभे राहायचे तेच. नेहमी कडेला. गाडीच्या बरोबर मागे कधीच नाही.

"गाडीच्या मागे उभा राहतो त्याला अक्कल नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

कडेने हात हलवत म्हणायचे, "येऊ दे… येऊ दे…" आणि जागा संपली की डिकीवर दोन थापा.

थप. थप.

म्हणजे, बस.

आतोबा झोपेतच गेले. त्याला सात महिने झाले होते. आत्या महिनाभरात कामाला लागली, पण आता मागे उभं राहायला कोणी नव्हतं. दोनदा गाडी खांबाला घासली. एकदा तर रिव्हर्सच्या धास्तीने तिने गाडी लांबच लावली, पायी तंगडतोड केली आणि नमुने लॅबमध्ये उशिरा पोचले. सगळे फेकून द्यावे लागले. एका म्हाताऱ्या पेशंटला पुन्हा टोचावं लागलं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "गाडी जमत नसेल तर सांगा. मी दुसरं कोणीतरी बघते."

हे काम सुटलं तर आत्या दिवसभर आतोबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

शेवटी बाबांनीच सुचवलं. "ताई, टचस्क्रीन बसवून घे. मागे कॅमेरा येतो. रिव्हर्स टाकला की मागचं सगळं डोळ्यांसमोर."

बुधवारी संध्याकाळी स्टीरिओवाल्याने जुना रेडिओ काढून नवी मोठी स्क्रीन बसवली. दुकान बंद करायच्या गडबडीत आत्याच्या हातात चावी दिली. "काकू, बाकीचं मेसेजमध्ये कळवतो," म्हणाला. पण आमची आत्या मेसेज वाचते ते रविवारी, चष्मा पुसून, सगळे एकदम.

गुरुवारी सकाळी पहिला पेशंट एका अरुंद गल्लीत होता. आत्याने नमुना घेतला, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली, डबा मागच्या सीटवर ठेवला आणि रिव्हर्स टाकला.

स्क्रीनवर मागची गल्ली आली. तिच्यावर तीन आडव्या रेघा. लांबची हिरवी, मधली पिवळी, गाडीच्या अगदी जवळची लाल.

आणि हिरव्या रेघेवर… एक माणूस उभा होता.

असेल कोणीतरी, म्हणून तिने आरशात पाहिलं. गल्ली रिकामी होती. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं तर तिथेही कोणी नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून ती निघाली.

दुसऱ्या पेशंटच्या इमारतीखाली पुन्हा रिव्हर्स टाकला…

आणि गाडीतले सगळे आवाज गेले.

इंजिन चालू होतं, पण घरघर नाही. मागच्या डब्यात नळ्यांची किणकिण नाही. समोर झाडू मारणारी बाई दिसत होती, पण तिच्या झाडूचाही आवाज येत नव्हता.

माणूस आता पिवळ्या रेघेवर होता.

उन्हामुळे चेहरा नुसता पांढरा दिसत होता. पण शर्ट राखाडी होता. बाह्या दुमडलेल्या, एक कोपराच्या वर, एक कोपराच्या खाली…

अशा वेड्यावाकड्या बाह्या एकच माणूस दुमडायचा. लग्नानंतरची तीस वर्षं ती त्यावरून बोलत आली होती.

तो हात हलवत होता. येऊ दे… येऊ दे…

तिला भीती वाटली नाही. हे ती आजही शपथेवर सांगते. उलट तिला बरं वाटलं. सात महिन्यांनी तिच्या मागे कोणीतरी उभं होतं. लॅबपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात ती डोळे पुसत होती आणि पुढच्या रिव्हर्सची वाट बघत होती.

गच्ची तीन मजल्यांच्या वर. आत्याची जागा ठरलेली, कठड्याकडे पाठ करून. तिने गाडी वळवली, रिव्हर्स टाकला, आणि पुन्हा सगळं शांत झालं.

माणूस लाल रेघेवर होता.

"आलात?" आत्या म्हणाली.

तो हात हलवत राहिला. तिने गाडी मागे घेतली. तोही मागे सरकला. गाडी जेवढी मागे, तेवढाच तो मागे. पण त्याचे पाय हलत नव्हते…

"थांबा हो," ती रडत म्हणाली. "येते."

थप. थप.

डिकीवर. जोरात.

आत्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तीस वर्षांची सवय. गाडी गचका खाऊन थांबली.

स्क्रीनवर तो माणूस अजून हात हलवत होता. दोन्ही हात हवेतच होते. म्हणजे थापा त्याने मारल्या नव्हत्या. आणि तेव्हा कुठे आत्याच्या लक्षात आलं…

तो कडेला उभा नव्हता. तो गाडीच्या बरोबर मागे उभा होता.

पुढच्या क्षणी स्क्रीन काळी झाली. तिच्यावर फक्त दोन शब्द होते. सिग्नल नाही.

ती खाली उतरली. मागे कठडाच नव्हता. दुरुस्तीसाठी आदल्या दिवशी तेवढा भाग पाडला होता. आडवी लावलेली धोक्याची पट्टी सुटून जमिनीवर पडली होती. मागचं चाक काठापासून वीतभर अलीकडे थांबलं होतं, आणि जिथे तो माणूस उभा होता तिथे खाली तीन मजले नुसती हवा होती.

गच्चीवर दुसरं कोणीही नव्हतं.

नमुने लॅबमध्ये वेळेत पोचवून ती तडक दुकानात गेली.

"कॅमेऱ्यात हे काय दिसतं?" तिने विचारलं.

"कॅमेऱ्यात?" स्टीरिओवाला गोंधळला. "काकू, कॅमेरा लावलाच नाही अजून. डिकीपर्यंत वायर कमी पडली. मेसेज केला होता मी. आज लावणार होतो."

त्याने खण उघडून कॅमेरा दाखवला. पुडकं फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"अहो, पण मला मागचा रस्ता दिसला! रेघा दिसल्या!"

"रेघा दिसतील, त्या स्क्रीनमध्येच असतात. पण चित्र कुठून येणार, काकू?"

आत्याने तिथल्या तिथे स्क्रीन काढायला लावली. जुना रेडिओ परत बसला. तेव्हापासून ती काच खाली करून, कान देऊन गाडी मागे घेते. गाडी पुन्हा कशालाही घासलेली नाही.

बाबांना हे पटत नव्हतं. "मनाचे खेळ आहेत, ताई," असं म्हणायचे. गेल्या महिन्यात तिच्या इमारतीखाली ते स्वतः मागे जाऊन उभे राहिले. चांगली दहा पावलं लांब. आत्याने रिव्हर्स टाकला. गाडी थोडी मागे आली आणि थांबली.

बाबा धावतच पुढे आले.

"का थांबलीस?"

"थापा ऐकल्या. तू ऐकल्यास?"

"ऐकल्या. डिकीजवळ कोणी नव्हतं, ताई." बाबांनी मागे वळून पाहिलं. "पण माझ्या मागे होतं. अगदी कानाशी… येऊ दे, म्हणालं."

"आवाज कोणाचा होता?"

"भावोजींचा," ते म्हणाले.

मी आत्याला नंतर एकदा विचारलं, मग त्या दोघांतले आतोबा कोणते? ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "थांबवतात ते."

तिचा विश्वास पक्का आहे. माझाही आहे, बहुतेक. पण मी गाडी मागे घेत असताना कोणी मागून "येऊ दे, येऊ दे" म्हटलं, की मी आधी ब्रेक दाबतो, आणि खाली उतरून बघून येतो.