संत लुचियाचं लाल पाणी

"झाकण नीट धर, पायावर पाडशील," अगातिना म्हणाली.

"पडलं तर माझ्याच पायावर पडेल ना!" असं म्हणत नुन्झिओने पातेल्यावरचं लाकडी झाकण उचललं आणि तसाच थिजून उभा राहिला.

गव्हाचं पाणी लाल झालं होतं.

संत लुचियाच्या सणाची सुट्टी लागली, की सिराकुझा शहराच्या कोळीवाड्यातल्या मुलांना हे काम ठरलेलं. सणाच्या दिवशी गावात कुणी पावाला किंवा शेवयांना हात लावत नाही. अख्खा गहू शिजवायचा, त्यात रिकोटा चीज आणि मध कालवायचा. ती कुच्चीआ सगळ्यांनी खायची. त्यासाठी गहू आधीपासून भिजत घालायचा आणि पाणी बदलत राहायचं. यंदा ती पाळी अगातिना, तिचा धाकटा भाऊ कोर्रादो आणि शेजारचा नुन्झिओ यांची होती. गहू आदल्या रात्री अंधारातच भिजत घातला होता, पाणी बदलायची ही पहिलीच वेळ.

स्वयंपाकाची सगळी सूत्रं कोंचेत्तामावशीकडे. ती आली, पातेल्यात डोकावली आणि मटकन गुडघ्यांवरच बसली.

"आमच्या लुचियाचं रक्त आहे हे," ती पुटपुटली. "पोरीने आपली आठवण ठेवली."

दुपारपर्यंत अंगणात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. पातेल्याभोवती मेणबत्त्या लागल्या. पाद्रीबाबा मोठ्या चर्चमध्ये मिरवणुकीच्या तयारीत गुंतलेले, त्यामुळे विचारणार कुणाला?

तेवढ्यात काठी टेकत वान्नूआजोबा आले. सणाआधी रोज संध्याकाळी ते व्हायोलिन मांडीवर घेऊन लुचियाची कथा गाऊन सांगत. ते गायला लागले, की भांडखोर शेजारणीसुद्धा एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून रडत आणि पुढच्याच ओळीला खो खो हसत. त्यांचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्यात जरासा उजेड उरला होता, तेवढाच.

"कोंचेत्ता, परातभर पाणी ठेव मला," ते म्हणाले. "आज कथा संपली की डोळा धुईन. लुचिया डोळ्यांची माऊली. तिच्या दारचं पाणी आहे."

कोर्रादोने बहिणीची बाही ओढली. "ताई, पोती उतरवताना सांडलेला गहू अजून तसाच आहे. आपली कबुतरं चपलासुद्धा खातील, पण त्याला तोंड लावत नाहीत. एकाने लावलं, ते पिंपामागे मरून पडलंय."

तिघांनी मावशीला गाठलं.

"संतांच्या चमत्काराला कबुतराची साक्ष काढता? म्हातारं असेल ते. पळा."

"मावशी, निदान आजोबांना थांबव..."

"पळा म्हटलं ना!"

गहू दिला होता जेसुआल्दोकाकांनी. त्यांचं शेत शहराबाहेर. तिघांनी सायकली काढल्या. चढावर नुन्झिओची चेन दोनदा पडली.

"तुझी सायकल की खेळणं?" कोर्रादो धापा टाकत म्हणाला.

"तुझ्या तोंडापेक्षा बरी चालते."

जेसुआल्दोकाका पेरणीयंत्राशी खटपट करत होते. यंत्राच्या पेटीतला गहू गुलाबी होता. अगातिनाने तो निरखून पाहिला.

"काका, आम्हाला दिलेला गहू कसला होता?"

"कसला म्हणजे? खायचा. एक नंबर. घाईत होतो, तरी स्वतः पोती चढवली मी. तक्रार करायला आलात होय?"

"तक्रार कसली? आभार मानायला आलोय." तिने पेटीतले मूठभर दाणे उचलले, हात पुढे केला. "हा तसाच दिसतोय. दोन दाणे खाऊन दाखवा ना."

काकांनी तिच्या हातावर फटका मारला. दाणे मातीत उडाले.

"वेडी का काय तू? बियाण्याला लावायचं औषध आहे त्याला! विष आहे ते. हात धू आधी!"

"आमच्या पातेल्यातलं पाणी याच रंगाचं झालंय, काका."

जेसुआल्दोकाका धावतच कोठारात गेले. खायच्या गव्हाची पोती जशीच्या तशी उभी होती.

तिघांचे हात साबणाने धुवून झाले. पोती आणि सायकली तीनचाकी टेम्पोत चढल्या. उतारावर काका तोंडाने प्रार्थना म्हणत होते आणि पायाने वेग वाढवत होते.

अंगणात कथा शेवटाला आली होती. सम्राटाच्या देवांपुढे धूप घालायला नकार देणारी ती कोवळी पोर. तिला ओढायला बैलांच्या जोड्या जुंपल्या, दोर ताणले, तरी ती जागची हलली नाही. शेवटी तलवारीने तिचं रक्त सांडलं. वान्नूआजोबांचा आवाज खाली आला, थांबला. त्यांनी व्हायोलिन बाजूला ठेवलं आणि हात परातीकडे नेला.

अगातिना माणसांच्या पायांतून घुसली आणि तिने परात उलटी केली.

लाल पाणी फरशीवर पसरलं. एकच गलका उठला. मावशीने तिचा दंड धरला.

"कोण ते?" आजोबांनी विचारलं.

"मी, आजोबा. अगातिना."

"मुद्दाम सांडलंस?"

"मुद्दाम."

"सोड तिला, कोंचेत्ता. ही पोर उगाच असं करायची नाही."

जेसुआल्दोकाका टोपी हातात घेऊन पुढे आले. "माझी चूक. पेरणीचा गहू दिला मी. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. त्याने डोळा गेला असता. आणि उद्या तुम्ही सगळ्यांनी हेच खाल्लं असतं."

मावशीने अगातिनाचा दंड सोडला आणि तिला घट्ट पोटाशी धरलं. नंतर काकांनी तो गहू, ते पाणी सगळं पिंपांत बंद करून नेलं. नवी पातेली आली. पण मावशी कपाळाला हात लावून बसली.

"उद्या सण. हा गहू भिजणार कधी?"

आजोबा हसले. "अगं, दुष्काळात लुचियाने गव्हाचं जहाज धाडलं, तेव्हा उपाशी लोकांनी तो भिजत घातला होता? दळायलासुद्धा थांबले नाहीत. पोती फोडली, चूल पेटवली. तू पेटव."

दुसऱ्या दिवशीची कुच्चीआ दाताखाली करकरत होती. तरी कुणी वाटीत दाणा ठेवला नाही. पाद्रीबाबांनी सगळ्यांदेखत तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "काल डोळे उघडे होते ते यांचेच," ते म्हणाले.

संध्याकाळी मिरवणूक कोळीवाड्यावरून गेली. वान्नूआजोबा अगातिनाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. लुचियाची चांदीची मूर्ती समोर आली, तशी त्यांनी मान वर केली.

"दिसतेय का, आजोबा?"

"चांदीचा एक ठिपका. दरवर्षी दिसतो तेवढाच." त्यांची बोटं तिच्या खांद्यावर घट्ट झाली. "यंदाही दिसला, पोरी."