दिल्लीची रंगीत तालीम

खुर्चीत बसल्या बसल्या केतकी भोयरनं शिरोजाल डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा स्वतःच आवळला आणि फर्मान सोडलं, "चला, दिल्ली लावा! मार्चमधला शनिवार-रविवार, पाच माणसं, त्यातलं एक चाकांच्या खुर्चीत. आणि काटेसावर फुललेली पाहिजे. नसेल फुलली तर तारीख बदलू."

"अजून काही, मॅडम?" डॉ. हैदरनी कमरेत वाकून विचारलं. "राष्ट्रपती भवनात चहा वगैरे?"

"बघा जमलं तर!"

नागपूरच्या पूर्वसहल प्रयोगशाळेत एकच हशा पिकला. काचेपलीकडे उभी असलेली केतकीची आत्या, डॉ. पद्मजा भोयर, तेवढी हसली नाही. पूर्वसहलीचं यंत्र जिनं बांधलं तीच ही आत्या.

"बाबांना विचारलंस का?" तिनं विचारलं.

"दरवर्षी विचारते! एकदा म्हणे परीक्षा, एकदा म्हणे ऊन. गेल्या वर्षी तर म्हणे, दिल्लीत माकडं फार. म्हणून या वर्षी सगळं आखूनच समोर ठेवते. बघू काय कारण काढतात ते."

जानेवारीत आंतरशालेय वादविवादात पहिली आल्यापासून केतकीला कंठ फुटला होता. शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारी ही मुलगी आता भाजीवाल्यापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना मुद्देसूद उत्तरं द्यायची. दिल्लीचा मुद्दा मात्र वादासाठी नव्हता. तिच्या आजोबांचं, आबांचं, हृदय अलीकडे दमू लागलं होतं. "हा वसंत फिरवून आणा, पुढच्याचं मी सांगू शकत नाही," असं डॉक्टरांनी म्हटलेलं तिनं दाराआडून ऐकलं होतं. आबांची तरुणपणीची नोकरी दिल्लीतली. वसंतातली दिल्ली म्हटलं की त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की बस्स!

"पहिल्यांदाच बसते आहेस, म्हणून सांगतो," डॉ. हैदर शिरोजालाच्या तारा तपासत म्हणाले. "वीस मिनिटांत तू दोन दिवसांची दिल्ली फिरून येशील. ऊन, गर्दी, छोल्यांचा वास, सगळं मिळेल. रांग कुठे लागते, चाकांची खुर्ची कुठे अडते, ते आधीच कळतं."

"पण हैदरकाका, मग दोन-दोन आठवणी होतील की! खरी कुठली नि तालमीतली कुठली, कसं कळायचं?"

"वादविवादात उगाच नाही पहिली आलीस! हे बघ, मेंदू एखादी जागा लक्षात ठेवतो ती मुख्यतः पायांच्या भरवशावर. किती चाललो, कुठे वळलो, कुठे चढ लागला, याचा एक शिक्का पायांकडून मेंदूला पोचतो. त्याला आम्ही पाऊलखूण म्हणतो. यंत्र बाकी सगळं देतं, पाऊलखूण देत नाही. म्हणूनच पूर्वसहलीत कुणाचे पाय दुखत नाहीत. पुढे तू खऱ्या दिल्लीत चाललीस, की शिक्क्याची आठवण मेंदूत बसते आणि बिनशिक्क्याची एका झोपेत विरघळून जाते. आम्ही मुद्दामच तसं ठेवलंय. प्रयोग झाला की तालीम विसरायची."

केतकी खळखळून हसली. "पाय तर आमचे तेव्हाही नव्हते दुखले! मी सहा वर्षांची असताना गेलो होतो ना आम्ही दिल्लीला. आई, बाबा, आबा नि मी. दिवसभर भटकलो, कुणी हूं की चूं केलं नाही. सावरीच्या झाडांखालून आबांनी मला खांद्यावर बसवून नेलं. एक लालभडक फूल खोचलं इथे, कानावर. जगातला सगळ्यात भारी दिवस होता तो! तसाच पुन्हा करायचाय मला."

हैदरनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं नजर खाली वळवली. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: 'या शहराची पूर्वसहल आपल्या नावे आधीच झालेली आहे.'

"हे काय? बिघडलं वाटतं," केतकी म्हणाली.

आत्या काचेचं दार सरकवून आत आली आणि तिच्यासमोर स्टुलावर बसली. "केतकी, आबांच्या कण्याचं ऑपरेशन कधी झालं गं?"

"मी पहिलीत जायच्या आधी. तेव्हापासूनच ते खुर्चीत... मी पाच वर्षांची..."

ती पाच वर्षांची असताना आबा खुर्चीत बसले. मग सहा वर्षांची असताना तिला खांद्यावर कुणी घेतलं?

"यंत्र तेव्हा नवंकोरं होतं," आत्या म्हणाली. "आबा कुणाशी बोलेनात, जेवेनात. म्हटलं, बसा सगळे एकत्र, दिल्लीला नेऊन आणते. तू लहान, तुला ती सहल खरीच वाटली, आणि आम्हीही ते तसंच राहू दिलं. पण एक ध्यानात ठेव. यंत्र फक्त गाव उभं करतं, माणसं आपली आपणच असतो. तुला खांद्यावर आबांनीच घेतलं. हसले तेही आबाच."

केतकीनं शिरोजाल हळूच काढून मांडीवर ठेवलं. तिला एकदम सगळं उमगलं. परीक्षा, ऊन, माकडं.

"म्हणजे खऱ्या दिल्लीत गेलो, की चालणारे आबा जाणार."

"हो."

"सगळं लिहून ठेवलं तर?"

"लिहिलेलं राहील. पण वाचताना दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाचल्यासारखं वाटेल."

हैदर इतका वेळ विचारात पडले होते. ते मध्येच म्हणाले, "पद्मजा, आबांना कमरेखाली काही जाणवतं?"

"काहीच नाही."

"मग त्यांच्या मेंदूपर्यंत पाऊलखूण पोचणारच नाही. तालीम विरघळायला कारणच नाही. त्यांची आठवण राहील. जाईल ती केतकीची नि तिच्या आईबाबांची."

घरी आबा गॅलरीत संत्रं सोलत बसले होते. केतकी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"आबा, ती दिल्ली खोटी होती हे तुम्हाला माहीत होतं?"

"माझेच पाय गं ते. मला नाही माहीत, तर कोणाला?"

"मग खरीखुरी जाऊ, असं एकदाही म्हणाला नाहीत?"

"तुझा बाप ती आठवण उशाशी घेऊन झोपतो. कशाला हिसकावू त्याची?" त्यांनी एक फोड तिच्या हातावर ठेवली. "तुझीही."

"पण तुम्हाला जायचंय की नाही? नीट सांगा."

आबांनी पुढच्या फोडीवरच्या पांढऱ्या शिरा काढल्या. "सावरीचं फूल जड असतं, पोट्टे. सकाळी रस्ता रिकामा असला नं, की ते पडताना ऐकू येतं. टप्प! नोकरीला जाताना रोज ऐकायचो. तुझ्या आत्याच्या यंत्रात सारं होतं, तेवढा आवाज नव्हता. तेवढं एकदा ऐकावं वाटते."

जेवायच्या टेबलावर केतकीनं मुद्दे मांडायला सुरुवात केली. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. बाबांनी तिसरा येऊ दिला नाही.

"मला माझा बाप सोबत चालताना आठवतो, तो तेवढाच," ते म्हणाले.

"असं कसं? लहानपणचे आठवत असतील की!"

"लहानपणी ते दिल्लीत, आम्ही इथे. मग बदल्या. सकाळी निघायचे, रात्री यायचे. दिवसभर माझ्याबरोबर असे कधी चाललेच नव्हते गं. तो एकच दिवस. तोसुद्धा यंत्रातला. पण आहे ना माझ्याकडे."

आईनं वरणाचं भांडं उगाच इकडून तिकडे सरकवलं.

"माझ्याकडेही तोच दिवस आहे, बाबा," केतकी म्हणाली. तिचा आवाज व्यासपीठावरच्यासारखा मुळीच नव्हता. "मलाही नाही द्यायचा. पण आपण तो धरून बसलोय आणि आबा गॅलरीत बसलेत."

"सुधाकर," आबा गॅलरीतून म्हणाले, "मले घेऊन चाल ना रे."

आबांनी बाबांकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. बाबांनी हात धुतले आणि तिकिटं काढली. आत्यानंही रजा टाकली.

शनिवारी सकाळी लोदी बागेजवळच्या रस्त्यावर सावरी नुसत्या पेटल्या होत्या. खुर्ची ढकलायला बाबांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एका झाडाखाली पाचही जण श्वास रोखून थांबले. वाट पाहता पाहता आईला शिंक आली, आत्या हसली, आणि नेमकं तेव्हा मागे काहीतरी पडलं. टप्प! आबांनी डोळे मिटून घेतले. ते इतका वेळ मिटलेलेच राहिले, की बाबा घाबरून वाकले.

"मी आहो इथेच," आबा डोळे न उघडता म्हणाले. "ऐकू दे."

मग दिवसभर आबांच्या खुर्चीसोबत सगळी चालली. चांदणी चौकातल्या गल्ल्या, किल्ल्याचा चढ, पुन्हा बाग. केतकीच्या टाचांना फोड आले, बाबांच्या पोटऱ्या भरून आल्या. झोपण्यापूर्वी केतकीनं डोळे घट्ट मिटून खांदा, झाड, फूल असं मनाशी पुन्हा पुन्हा घोकलं. घोकता घोकताच ती झोपली.

रविवारी सकाळी बागेत फिरताना, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं तिचं मन एका रिकाम्या जागी जात राहिलं. आपण काहीतरी देऊन टाकलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आत्यानं समजावलेलं, जेवणाच्या टेबलावरचं बोलणं, सगळं शब्दन्‌शब्द आठवत होतं. दिलेला तो दिवस मात्र काही केल्या डोळ्यांसमोर येईना.

तळ्यावरच्या जुन्या दगडी पुलाशी तिनं आबांच्या खुर्चीचा हात धरला. "आबा, मागच्या खेपेला इथे काय झालं होतं?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "त्या कडुलिंबापासून या पुलापर्यंत शर्यत लावली होती आपण. तू, मी नि तुझा बाप."

"मीसुद्धा?" बाबा खुर्ची ढकलायचे थांबले.

"तू तर चपला हातात घेऊन पळत होतास. हा एवढा घामाघूम!"

बाबा हसू लागले. हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "सांगा, अजून सांगा."

"आधी जिंकलं कोण ते सांगा," केतकी म्हणाली. "मीच ना? मीच असणार!"

"हॅट्!" आबा खुर्चीत ताठ झाले. "पुलावर पोचून मागं पाहिलं, तर तुम्ही दोघंही कुठल्या कुठे. तसं नाही गं पोट्टे, तुमची काही चूक नव्हती. मी फार जोरात पळतो."