हात नका लावू!

“बोल! कुणाचं पाप घेऊन आलीस घरात?” रितेशनं गोळ्यांची बाटली भिंतीवर फेकून मारली आणि भूमिकेच्या केसांना धरून तिला ओट्यापर्यंत फरफटत नेलं... “मेडिकलवाल्याला विचारून आलोय मी. एड्सची दवाई आहे ही! म्हणून मला जवळ येऊ देत नाहीस? सच बोल!”

दारात सासू, रंभाबाई, उभी. आडवं यायचं सोडून ती म्हणते कशी, “मार! अजून मार अवदसेला!”

काय बोलणार होती भूमिका! शनवारा पेठेतल्या एका दवाखान्यात ती नर्स. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, हे नव्या पोरींना तीच ओरडून सांगायची. पण अपघातातला पेशंट आल्याच्या गडबडीत सवयीनं तिनंच टोपण लावलं आणि सुई बोटात खचकन शिरली. पेशंट एचआयव्हीचा निघाला! त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन तिनं रोग लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या. घरी मात्र चकार शब्द काढला नाही... नणंदेची, तेजस्विनीची, सोयरीक इतवारा पेठेत जुळत होती. नुसती कुजबुज झाली असती, तरी त्या पोरीचं लग्न मोडलं असतं.

रितेशनं पुन्हा तडाखा दिला. तिनं हात आडवे धरले; बांगड्या फुटल्या, तिचं मनगट चिरलं, त्याचीही बोटं कापली. इतका वेळ मुकाट मार खाणारी भूमिका किंचाळली, “हात नका लावू! माझं रक्त आहे ते! धुवा आधी... साबणानं धुवा हो!”

रितेशनं झटकन मोरीत जाऊन हात धुतले. मनगटाला पदर गुंडाळत तिनं तुटक-तुटक सगळं सांगितलं आणि त्याला तसंच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचंही रक्त घेतलं. “हिची पहिली तपासणी ठीक आहे, गोळ्याही वेळेत सुरू झाल्यात. तुम्हाला धोका फार थोडा. पण पहिल्या तपासणीत सगळं कळत नाही. दीड महिन्यानं, मग तीन महिन्यांनी पुन्हा या.”

पुढच्याच आठवड्यात रितेशला ताप भरला. मारताना वाघ झालेला तो गडी आता चळाचळा कापत होता! “घसा खवखवतोय गं... झालं का मला?”

सुजल्या गालानं ती त्याच्या कपाळावर घड्या ठेवत राहिली. “ताप कशानंही येतो. नुसत्या लक्षणांवरून हा रोग ठरत नाही हो, तपासणीवरून ठरतो.”

तीन महिन्यांनी दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. रितेश दवाखान्याच्या आवारातच तिच्या पायांशी वाकला. भूमिकेनं पाय मागे घेतले.

“रोग नाही, हे कळलं. पण तुमचा हात पुन्हा माझ्यावर उठणार नाही, हे कुठल्या तपासणीत कळेल?”

सोबत आलेली रंभाबाई पुढे झाली. लेकाला बाजूला सारून तिनं सुनेपुढे हात जोडले. “‘मार’ असं मीच म्हटलं होतं, पोरी... आता त्याचा हात उठला, तर आधी माझ्या अंगावर पडेल.”

मार खाताना न रडलेली भूमिका सासूच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.