सम ओळींतला अंगठा

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण यात शेवटी मीच अडकतो.

दौलत खोत माझा दोस्त. लांब उडी मारतो. राज्य निवडीत त्याची शेवटची उडी सात पासष्ट मीटरच्या पुढं पडली आणि दृष्टिपंचानं लाल दिवा लावला. फाउल. दृष्टिपंच म्हणजे माणसाच्या जागी बसवलेलं कॅमेऱ्याचं यंत्र. उडी घेताना अंगठा फळीच्या रेषेपुढं गेला का, ते बघतं. बनवलं कुलथे सरांनी. दौलत त्यांना विचारायला गेला, तर सर माइकवरून म्हणाले, "पैलवान, रेषा दिसत नसेल तर चष्मा घ्या." अख्खं मैदान हसलं. मी तिथंच कॅमेऱ्याच्या वायरी बघत होतो. तेव्हाच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मी शाळेत कमी, कॅमेरा रिपेअरीच्या दुकानात जास्त शिकलो. कॅमेऱ्यातली मूळ नोंद काढली, तर ते गुंफणचित्र निघालं. म्हणजे चित्र आडव्या ओळींचं; आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळी टिपायच्या, सम ओळी त्यानंतर, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं. सरांचं यंत्र दोन्ही मिसळून एक अखंडचित्र करायचं. दिसायला गुळगुळीत, पण वरून खाली मोजला तर तपशील निम्म्यावर.

मी तक्रार केली आणि निवड समितीपुढं सरांना विचारलं, अंगठा आणि रेषेत एका ओळीएवढी फट असली, तर ती तुमच्या अखंडचित्रात दिसेल का?

"मिसळल्यावर नाही दिसणार," सर म्हणाले. "पण एवढीशी फट मोजतंय कोण?"

"दौलत मोजतोय."

मग विषम ओळी पडद्यावर टाकल्या. अंगठा, फट, रेषा. एकदम स्वच्छ. समितीनं यंत्र बंद केलं, सरांना काढलं, दौलतचं नाव शिबिराच्या यादीत घातलं. दारात सरांना गाठून मी म्हणालो, "सर, चष्मा." लय गार वाटलं.

आता माझी चूक. दुकानात आम्ही विषम ओळीच तपासतो. त्या ठीक निघाल्या की कॅमेरा पास. त्याच सवयीनं सम ओळी मी उघडल्याच नव्हत्या. परवा फायली आवरताना उघडल्या. तेवढ्या पन्नासाव्या भागात पाय पुढं सरकला होता. अंगठा रेषेपलीकडं, चांगला दोन ओळी. सरांनी तपशील घालवला होता, मी अर्धा वेळच टाकून दिला होता. निकाल त्यांचाच बरोबर होता.

दौलतला दाखवलं.

"पायाला शंका आली होती," तो म्हणाला. "म्हणून तर विचारायला गेलो होतो. नीट सांगितलं असतं, तर गप घरी गेलो असतो."

"पुसून टाकू?"

"आणि शिबिरात रोज त्या फळीवर पाय कसा टाकू?"

तर दौलत, सोमवारी सम ओळी मी स्वतः समितीला देणार. तुझं नाव जाईल, सरांना परत घेतील. पण ते आधी तुझी माफी मागत नाहीत, तोवर त्या चष्म्याची माफी मी मागणार नाही. हा शब्द तुला.